इथाकात नव्याने आलात? मग बाहेर पडा!

न्यूयॉर्क राज्यातल्या कयुगा तळ्याच्या दक्षिण टोकाला आपलं हे छोटं गाव आहे. कॉर्नेल विद्यापीठाचं वर्ष ऑगस्टच्या शेवटी सुरू होतं, त्यामुळे नवी मराठी कुटुंबं बहुधा त्याच सुमारास येतात. सामान लावून होईपर्यंत थंडी पडते आणि ‘आता उन्हाळ्यातच बघू’ म्हणून घरात बसणं सुरू होतं. तसं करू नका. इथे प्रत्येक ऋतूत जाण्यासारखी जागा आहे. इथल्या जुन्या कुटुंबांनी सांगितलेल्या गोष्टी पुढे एकत्र केल्या आहेत.

शरद (सप्टेंबर ते नोव्हेंबर)
ऑक्टोबरच्या मध्यावर झाडांचे रंग भरात येतात. सुरुवात टॉगॅनकपासून करा. हा धबधबा 215 फुटांचा, नायगारापेक्षाही उंच. घळीतली खालची वाट जवळजवळ सपाट आहे, जाऊन-येऊन दीड-दोन मैल. भेटीला आलेले आजी-आजोबाही निवांत चालतात. बागांमध्ये जाऊन सफरचंदं स्वतः तोडता येतात. नोव्हेंबरात शिकारीचा मोसम असतो, तेव्हा जंगलात जाताना भडक केशरी जाकीट किंवा टोपी घाला. स्टेट पार्कांत वारंवार जाणार असाल, तर गाडीसाठी ‘एम्पायर पास’ घ्या.

हिवाळा (डिसेंबर ते मार्च)
डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो, म्हणून सुट्टीच्या दिवशी जेवणाआधीच फिरून या. अंगालगत सुती कपडा नको. तो घामाने ओला झाला की गारठवतो. आत लोकरी किंवा सिंथेटिक, वर उबदार आणि सर्वांत बाहेर वारा अडवणारा, असे तीन थर हवेत. मुलांना स्नोपँट आणि पाणी न शिरणारे बूट आधी घ्या. बटरमिल्क आणि ट्रीमन या स्टेट पार्कांच्या घळींतल्या वाटा बर्फामुळे बंद असतात. अडसर ओलांडू नका. टॉगॅनकची खालची वाट मात्र हिवाळ्यातही चालण्यासारखी असते. कॅस पार्कात आइस स्केटिंग आहे, आणि स्कीइंग शिकायला ग्रीक पीक गाडीने पाऊण तासाच्या आत. तळं 400 फुटांहून खोल असल्याने सहसा पूर्ण गोठत नाही. काठाशी धरलेल्या बर्फावर पाऊल टाकू नका.

वसंत (एप्रिल, मे)
बर्फ वितळून धबधबे भरून वाहतात, वाटा चिखलाच्या होतात. मे महिन्यात सकाळी सॅपसकर वूड्समध्ये जा. कॉर्नेलची पक्षी-प्रयोगशाळा तिथेच आहे. तिचं ‘मर्लिन’ अ‍ॅप आवाजावरून पक्षी ओळखतं. मुलं त्यात रमतात. गवतातून आल्यावर अंगावर गोचीड नाही ना, हे रोज तपासा. त्यांच्यापासून लाइम हा आजार होतो. ऊन पडलं तरी पाणी बर्फगारच असतं: 21 फुटांपेक्षा लहान होडीत 1 नोव्हेंबर ते 1 मे लाइफ जॅकेट घालणं कायद्याने सक्तीचं आहे.

उन्हाळा (जून ते ऑगस्ट)
पोहायचं ते जीवरक्षक असताना आणि नेमून दिलेल्या जागीच: ट्रीमनचा धबधब्याखालचा डोह किंवा टॉगॅनकचा किनारा. तळ्यात कधी विषारी शेवाळाचा हिरवट तवंग येतो. पाटी लावलेली असेल तर मुलांना पाण्यात सोडू नका. सायकलसाठी ब्लॅक डायमंड ट्रेल उत्तम. जुन्या रेल्वेमार्गावरची ही सुमारे साडेआठ मैलांची वाट मंद चढाने टॉगॅनकला पोचते.

सह्याद्रीत फिरलेल्यांसाठी
हे मुद्दाम वेगळं सांगतो. आपला काळा कातळ भक्कम असतो, त्याची सवय इथे चालत नाही. इथल्या घळी शेल आणि वालुकाश्माच्या थरांच्या आहेत, आणि कड्याच्या टोकाला हे थर पायाखालून निसटतात. ठिसूळ कडा आणि डोहातले प्रवाह यांनी इथे माणसं दगावली आहेत. फोटोसाठी कठडा ओलांडू नका आणि पाहुण्यांनाही ओलांडू देऊ नका.

पहिल्या खेपेला सोबत हवी असेल तर संकोच न करता विचारा. दशम्या, चटणी आणि थर्मासभर चहा घेऊन कोणी ना कोणी नक्की येईल.