दोष केबलचा नव्हता

तीन आठवडे ऑफिसच्या आयटीवाल्यांकडून मला एकच उत्तर मिळत होतं: "मॅडम, केबल बदलून बघा." बदलली. मग डॉकिंग स्टेशन घ्यायला लावलं, तेही माझ्याच पैशाने. तरीही फरक पडेना, तेव्हा माझ्या घरचं, सांगलीचं इंटरनेट खराब ठरवून मोकळे झाले.

माझं काम चिप व्हेरिफिकेशनचं. एका मॉनिटरवर कोड, दुसऱ्यावर वेव्हफॉर्म, याशिवाय ते होत नाही. हिंजवडीच्या ऑफिसातल्या लिनक्स मशीनवर मी घरच्या विंडोज लॅपटॉपवरून एक्सआरडीपीने जाते. रिमोट डेस्कटॉपच्या डिस्प्ले टॅबमध्ये 'यूज ऑल माय मॉनिटर्स' वर खूण पहिल्याच दिवशी केली होती. चित्र दोन्हीकडे यायचं, पण कुठलीही विंडो मॅक्झिमाइझ केली की दोन्ही पडदे व्यापून बसायची.

एका रात्री सिम्युलेटरने एरर दिली आणि तिची चौकट बरोब्बर मधोमध उघडली. 'ओके'चं बटण अर्धं डाव्या मॉनिटरवर, अर्धं उजव्यावर, मध्ये काळी पट्टी. त्या बटणाकडे बघताना लख्ख कळलं. केबल खराब असती तर चित्र गेलं असतं. असं नीट दुभागलं नसतं. पलीकडच्या मशीनला दोन पडदे आहेत हेच ठाऊक नव्हतं. टर्मिनलमध्ये 'एक्सरँडर --लिस्टमॉनिटर्स' दिलं. उत्तर आलं: मॉनिटर एक, ३८४० बाय १०८०.

कारण शोधायला मला एक संध्याकाळ लागली. एक्सआरडीपी बसवताना 'एक्सऑर्गएक्सआरडीपी' हे वेगळं पॅकेज टाकलंच नव्हतं. त्यामुळे सेशन एक्सव्हीएनसीवर चालत होतं आणि आमच्या जुन्या आवृत्तीत ते सगळे पडदे मिळून एकच लांब पडदा धरत होतं. हे मी पुराव्यासकट कळवलं. दुसऱ्या दिवशी पॅकेज बसलं, तिकीट बंद झालं. चुकलं, एवढा एक शब्दही कुणी लिहिला नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर आधी ती एक्सरँडरची आज्ञा द्या. तिला ॲडमिनचे अधिकार लागत नाहीत. लॉगिनच्या चौकटीत सेशनचा प्रकार 'एक्सऑर्ग' आहे ना, ते बघा. दुरुस्ती झाल्यावर पूर्ण लॉगआउट करा. नुसती खिडकी बंद केली तर जुनं सेशन तसंच जिवंत राहतं. यात माझा आणखी अर्धा दिवस गेला. लॅपटॉपचा पडदा वगळून दोनच मॉनिटर हवे असतील तर 'एमएसटीएससी /एल' ने त्यांचे क्रमांक मिळतात, ते आरडीपी फाइलमध्ये 'सिलेक्टेडमॉनिटर्स' पुढे लिहा. घरीही लिनक्स असेल तर फ्रीआरडीपीला '/मल्टिमॉन' द्या. दोन्ही मॉनिटरचं स्केलिंग सारखं ठेवा. ऑफिसच्या मशीनवर त्याच नावाने कुणी लॉगिन करून ठेवलं असेल तर ग्नोममध्ये बऱ्याचदा नुसता काळा पडदा येतो. मी एक्सएफसीई वापरते, ते बरं चालतं.

आणि सगळं लेखी ठेवा, स्क्रीनशॉटसकट. फोनवरच्या बोलण्याला काही अर्थ नसतो.

त्या तिकिटावर कारणाच्या रकान्यात अजूनही 'युजरकडील केबल' असंच लिहिलेलं आहे. ते बदलावं म्हणून मी काल तिसऱ्यांदा मेल केला.