मीटर 12 व्होल्ट दाखवतो, मग पंप का चालत नाही?

प्रश्न : गाडीच्या चार्जिंग सॉकेटवर मोबाइल व्यवस्थित चार्ज होतो, पण टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप लावला की तो क्षणभर घरघरतो आणि थांबतो. फ्यूज शाबूत आहे, मल्टिमीटरही 12 व्होल्ट दाखवतो. हाच पंप मित्राच्या गाडीत उत्तम चालतो. मग बिघाड कुठे?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : पंप दुसऱ्या गाडीत लावून पाहिलात, हे फार चांगलं केलंत. निम्मा शोध तिथेच संपला. दोष तुमच्या सॉकेटकडे येणाऱ्या वाटेत आहे.

मीटर तपासताना करंट जवळजवळ घेतच नाही. त्यामुळे वायरची एखादीच तार धरून असली तरी तो 12 व्होल्ट दाखवणार. मोबाइलचा चार्जर एक-दोन अँपिअरवर भागवतो. पंपाला मात्र साधारण 10 अँपिअर लागतात. गंजलेल्या सांध्यात फक्त 0.3 ओहम रोध असला, तरी 10 अँपिअरला 3 व्होल्ट तिथेच जातात आणि 30 वॉट उष्णता तयार होते. सॉकेटमागचा कपलर काळवंडलेला किंवा वितळलेला दिसला, तर दोष सापडलाच म्हणा.

नाहीतर हेडलाइटचा जुना 55 वॉटचा बल्ब घ्या. त्याची एक वायर सॉकेटच्या मधल्या पिनला (ती पॉझिटिव्ह), दुसरी आतल्या कडेच्या पत्र्याला लावा. दोन्ही एकमेकांना टेकल्या तर फ्यूज उडेल, आणि बल्ब चटका बसेल इतका तापतो, तेव्हा जपून. उजेड मिणमिणता असेल, तर दुसरी वायर पत्र्यावरून काढून बॉडीच्या स्वच्छ, बिनरंगी बोल्टला लावा. आता बल्ब लख्ख पेटला तर अर्थिंग खराब. कोकणातल्या पावसात अर्थिंगचा बोल्ट गंजणं नेहमीचंच; पॉलिश पेपरने घासून घट्ट आवळा. तरीही मिणमिणताच राहिला, तर पॉझिटिव्हची बाजू बघा : फ्यूजचा सैल चिमटा, उंदराने कुरतडलेली वायर किंवा डॅशकॅमसाठी मध्येच पिळून टेप गुंडाळलेला जोड. माझा पहिला संशय नेहमी या जोडावर असतो.

खोलकाम करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पिवळ्या आवरणाच्या वायरी सहसा एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावू नका. आणि फ्यूज उडतो म्हणून 15 च्या जागी 30 अँपिअरचा कुणी सुचवला, तरी बसवू देऊ नका : मग फ्यूजऐवजी वायर जळते. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत जो आकडा दिला आहे, तोच फ्यूज लावा.