आधी फायली, मग विंडोज

लग्नसराई तोंडावर आलेली, आणि छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीतल्या एका डीटीपीच्या दुकानातलं मशीन लाईट जाऊन आल्यावर सुरूच होईना. दुकान चालवणारा भाचा आणि हार्डवेअर दुरुस्तीत उभं आयुष्य गेलेली त्याची मावशी यांच्यातलं हे बोलणं.

भाचा: मावशी, सारखं ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ येतं आणि गाडी फिरून तिथंच. पैठण गेटला एक जण म्हणाला, फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो.

मावशी: आणि पत्रिकांच्या कोरलच्या फायली?

भाचा: डेस्कटॉपवरच आहेत सगळ्या.

मावशी: मग फॉरमॅटचं नाव काढू नको. डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच असतो, पहिला तोच जाईल. अरे, विंडोज उठत नाही म्हणजे फायली गेल्या असं नाही. मशीन पेन ड्राइव्हवरून चालू करायचं. लिनक्स मिंटसारखी सिस्टिम पेन ड्राइव्हवरून थेट रॅममध्ये चालते, आतल्या डिस्कला हातही लावत नाही. तिथून फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढायच्या. दुरुस्ती त्यानंतर.

भाचा: ते केलं मी. मिंटची आयएसओ फाइल पेन ड्राइव्हवर कॉपी केली. मशीनला ती दिसतच नाही.

मावशी: दिसणार कशी? नुसती कॉपी केली तर ती एक मोठी फाइल म्हणून पडून राहते. ती रुफससारख्या प्रोग्रामने पेन ड्राइव्हवर ‘लिहावी’ लागते, म्हणजे तिच्यातला बूटचा भाग मशीनला सापडेल अशा जागी बसतो. दुसऱ्या चांगल्या मशीनवर कर. पेन ड्राइव्ह 8 जीबीचा पुरे, पण त्यातलं सगळं पुसलं जाईल. आणि लिहिण्याआधी आयएसओचा एसएचए-256 आकडा साइटवरच्या आकड्याशी ताडून बघ. डाउनलोड अर्धवट झालेलं असेल तर पुढं भलत्याच चुका दिसतात आणि माणूस दिवसभर मशीनलाच दोष देत बसतो.

भाचा: रुफस विचारतं, जीपीटी की एमबीआर?

मावशी: गेल्या दहा-बारा वर्षांतलं मशीन बहुतेक यूईएफआयचं असतं, त्याला जीपीटी. त्याआधीचं जुनं बायोसवालं असेल तर एमबीआर. मग मशीन सुरू करताना बूट मेनूची कळ दाबायची. कुठं एफ12, कुठं एफ9, कुठं एफ11. यादीत एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्याच्या आधी यूईएफआय लिहिलंय तो घे.

भाचा: तरी सिक्युरिटीची चूक दाखवून थांबलं तर?

मावशी: ते सिक्युअर बूट, ओळखीची सहीवाली सिस्टिमच सुरू होऊ देतं. मिंट, उबंटू त्यातून जातात, काही बचाव डिस्क नाही जात. तेव्हा ते तात्पुरतं बंद करतात. पण थांब, मशीनवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, असेल तर ही सेटिंग बदलल्यावर विंडोज 48 अंकी रिकव्हरी की मागू शकतं. आधी की हातात, मग सेटिंग. 19 जुलै 2024 चा शुक्रवार आठवतो?

भाचा: विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले, तो दिवस?

मावशी: तोच. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीचं एक सदोष अपडेट आपल्याकडे सकाळी 9 वाजून 39 मिनिटांनी सुटलं. सव्वा तासाच्या आसपास मागे घेतलं, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने 85 लाख मशीन निळ्या पडद्यावर अडकली होती. जी विंडोजपर्यंत पोचतच नव्हती त्यांना इंटरनेटवरून दुरुस्त करणार कसं? माणसांनी एकेका मशीनपाशी जाऊन त्या अपडेटमधली सदोष फाइल पुसली. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी बूट होणारा पेन ड्राइव्ह बनवायचं साधन दिलं. आणि कितीतरी ठिकाणी काम अडलं ते या 48 अंकांपाशी.

भाचा: समज, मिंट सुरू झालं. पुढे?

मावशी: तुझी डिस्क उघड. विंडोज नीट बंद झालेलं नसलं तर ती नुसती वाचायला मिळेल, लिहायला नाही. घाबरू नको, आपल्याला तेवढंच हवंय. युजर्स, मग तुझं नाव, मग डेस्कटॉप. फाँट आणि बिलांचा डेटाही काढ, ते लोक हमखास विसरतात. मात्र हार्ड डिस्क टकटक वाजत असेल किंवा कॉपी जागच्या जागी अडत असेल तर लगेच थांब. तिथं चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासायची कमांड, चालवणं मला बिलकूल मान्य नाही. मरायला टेकलेल्या डिस्कला ती आणखी राबवते. अशा डिस्कची डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रामने पूर्ण प्रत घ्यायची आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर.

भाचा: आणि डिस्क चांगली असेल तर?

मावशी: तर विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’मध्ये जाऊन कमांड प्रॉम्प्ट उघडायचा. तिथं तुझा सी कधी डी म्हणून दिसतो, म्हणून आधी डीआयआर देऊन युजर्स फोल्डर कुठंय ते बघ, मगच त्या ड्राइव्हवर चेकडिस्क. लाईट गेल्याने बिघडलेलं पुष्कळदा एवढ्यावर सुधारतं. नव्या इंटेल लॅपटॉपवर विंडोज टाकायच्या वेळी डिस्कच दिसली नाही तर ती मेली समजू नको. व्हीएमडी या इंटेलच्या डिस्क सांभाळणाऱ्या भागाचा ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून आणून ‘लोड ड्रायव्हर’ने द्यावा लागतो. या एका अज्ञानापायी चांगल्या डिस्क बदलून घेतलेल्या मी पाहिल्यात.

भाचा: तुमच्या वेळी कसं करायचे गं हे?

मावशी: विंडोज 98 ची स्टार्टअप फ्लॉपी असायची, 1.44 एमबीची. विद्यापीठाच्या आवारातल्या संस्थेत, आता जिला नाइलिट म्हणतात तिथं, आम्हाला नवीन मशीन आलं की पहिलं ती करायला लावायचे. मशीन चांगलं चालू असतानाच.

भाचा: मग मीही आजच करतो.

मावशी: दोन पेन ड्राइव्ह घे, एक मिंटचा, एक विंडोजचा. दोन्ही तुझ्याच मशीनवर एकदा चालवून बघ, दुसऱ्याच्या मशीनवर चालले म्हणजे तुझ्या मशीनवर चालतील असं नाही. बूट मेनूची कळ कुठली ते चिठ्ठीवर लिहून सीपीयूच्या डब्याला चिकटव. घरच्या लॅपटॉपवर बिटलॉकर आहे का, ते पाहिलंयस?

भाचा: नाही.

मावशी: मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन बघ. की असेल तर कागदावर उतरव आणि लाईट बिलांच्या फायलीत ठेव. त्याच लॅपटॉपमध्ये ठेवू नको.