परिसर परिचय : कर्नाळ्याचा डोंगर व पाताळगंगेचे खोरे

तळोज्याहून पनवेलमार्गे कोकणातील देवस्थानांकडे जाणाऱ्या भाविकांस पनवेलपासून सुमारे १२ किलोमीटरवर दाट वनराईने नटलेला एक डोंगर व त्याच्या माथ्यावरील अंगठ्यासारखा सुळका दृष्टीस पडतो. हाच कर्नाळा होय. पायथ्याशी असलेल्या शिरढोण गावी आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा १८४५ साली जन्म झाला.

भूरचना
सह्याद्रीप्रमाणेच कर्नाळाही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या पाषाणाचा आहे. मऊ खडक ऊन-पावसाने झिजून गेला व कठीण भाग तेवढा सुळक्याच्या रूपाने उरला. त्याची उंची सुमारे १२५ फूट आहे. डोंगराच्या दक्षिणेस पाताळगंगेचे खोरे पसरले आहे. खंडाळ्याच्या घाटात उगम पावणारी ही नदी पश्चिमेकडे वाहत जाऊन धरमतरच्या खाडीस मिळते. खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून सुटणाऱ्या पाण्यामुळे ती उन्हाळ्यातही वाहती असते.

दुर्ग
पुरंदरच्या तहानुसार १६६५ मध्ये मोगलांना दिलेल्या किल्ल्यांत कर्नाळ्याचा समावेश होता. १६७० मध्ये तो पुन्हा स्वराज्यात आला. सुळक्याच्या तळाशी खोदलेली पाण्याची टाकी हा गडावरील शिबंदीचा आधार होता. गडावर देवीचे स्थान आहे.

वन आणि जल
रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. उघड्या कातळावरचे पाणी घटकाभरात वाहून जाते व सोबत मातीही नेते. कर्नाळ्यावर मात्र साग, ऐन, किंजळ, कळंब, उंबर, आंबा आदी वृक्षांच्या पर्णभारावर पावसाचा मारा थोपतो. पालापाचोळा पाणी धरून ठेवतो, मुळे ते जमिनीत जिरवतात आणि पाऊस सरल्यावरही ओहळांतून ते हळूहळू पाझरत राहते.

या ओहळांच्या मातीच्या काठांत बिळे करून तिबोटी खंड्या हा चिमुकला, रंगीत पक्षी पावसाळ्यात पिले वाढवितो. तो रायगडचा जिल्हा पक्षी आहे. ओहळ आटला अथवा काठ ढासळला, की त्याचे घरच जाते. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या व २००३ मध्ये सुमारे १२ चौरस किलोमीटरपर्यंत विस्तारलेल्या येथील अभयारण्याचे महत्त्व यावरून ध्यानात यावे.

भाविकांस विनंती
मुंबई-गोवा महामार्ग या वनातूनच जातो. मार्गात माकडे दिसताच केळी, फुटाणे घालून पुण्य जोडण्याची अनेकांची भावना असते. भावना चांगली असली तरी परिणाम घातक आहे. आयत्या अन्नाच्या आशेने माकडे रस्त्यावर येतात, वाहनांखाली सापडतात आणि वनातील फळे शोधण्याची सवय विसरतात. तरी त्यांना काही खाऊ घालू नये. अन्नदान करावयाचे असल्यास ते गरजू माणसास करावे.

सुळक्यावर आग्या मधमाश्यांची पोळी असतात. त्यामुळे गडावर धूप, अगरबत्ती वा फटाके लावू नयेत व मोठा आवाज करू नये. प्लास्टिकच्या पिशव्या व बाटल्या ओहळात टाकू नयेत. डोंगरावर टाकलेली वस्तू पहिल्या पावसात खोऱ्यात उतरते, आणि खोऱ्यातील पाण्यावर गावे जगतात. देवीच्या डोंगराचे रान राखणे हीदेखील तिची सेवाच होय.