परीक्षा, मोहफुलें आणि पुढील वाट

दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्यें होते, आणि आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत मोहहि मार्चमध्येंच गळूं लागतो. फुलें पहाटेसच वेंचावीं लागतात. अभ्यासासहि तीच वेळ उत्तम. म्हणून पालकांस आमची विनंती, कीं परीक्षा संपेपर्यंत मुलामुलींची पहाट त्यांस मोकळी द्यावी.

विद्यार्थ्यांनीं त्या पहाटेचें चीज करावें. धडा नुसता वाचीत राहिल्यानें तो येतो असा भास होतो. पुस्तक मिटून आठवेल तें लिहावें, मग ताडून पाहावें. दुसऱ्या दिवशीं व आठवड्यानें पुन्हां तसेंच करावें.

पुढें कला, वाणिज्य कीं विज्ञान, हा प्रश्न येतो. गणित सोडल्यास अभियांत्रिकीची व जीवशास्त्र सोडल्यास वैद्यकीची वाट अवघड होते. औद्योगिक प्रशिक्षण संस्था व तंत्रनिकेतन हेहि दहावीनंतरचेच मार्ग होत. गडचिरोलीस २०११ सालीं गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालें, तेव्हां पदवीसाठीं दूर जाणें आतां अटळ नाहीं. तेंदूपानांच्या हंगामांत सारें घर एकत्र राबतें. त्या दिवसांतच हा विचार व्हावा, आणि मुलीचें मत मुलाच्या मताइतकेंच आदरानें ऐकिलें जावें.