मुलाच्या हाती मोबाईल : आईबापांनी काय करावे?

मोबाईल आता घरोघरी आला आहे. शाळेचा अभ्याससुद्धा त्यावर येतो. काही आईबाप संतापून तो मुलाच्या हातून हिसकावून घेतात. काहीजण मूल रडू नये म्हणून जेवताना तोच त्याच्यापुढे धरतात. दोन्ही प्रकारांत मूल काहीच शिकत नाही.

नवा खोंड कामाला लावताना आपण त्याला एकट्याला औताला जुंपत नाही आणि कायमचा गोठ्यातही बांधून ठेवत नाही. जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपतो. हळूहळू तो चाल शिकतो. मोबाईलच्या बाबतीतही आमचे सांगणे हेच आहे : मुलाच्या जोडीला बसा.

आरोग्य : जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की एक वर्षाखालील बाळाला पडदा दाखवूच नये, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला १ तासाहून जास्त नको, त्याहून कमी असेल तर उत्तमच. तासन्‌तास जवळचे पाहणे आणि उघड्यावर न खेळणे यामुळे लांबचे अंधुक दिसण्याचा दोष वाढतो. दिवसाउजेडी रोज दोन तास बाहेर राहिल्याने डोळ्यांना फायदा होतो. शेतकऱ्याच्या मुलाला अंगण, बांध, रान फुकट मिळाले आहे. त्याला तिकडे धाडा. फळ्यावरचे दिसत नाही असे मूल म्हणाले, तर रागावू नका, डोळे तपासून घ्या.

शेती : मुलगी मोबाईलवर हवामान पाहून सांगत असेल, तर तिचे कौतुक करा. मात्र मोबाईलवर कोणी दोन औषधे मिसळून फवारा म्हणाला, म्हणून लगेच पंप उचलू नका. मुलीला डब्यावरची बारीक अक्षरे वाचायला सांगा : औषध कोणत्या पिकासाठी, प्रमाण किती? डब्यावरील त्रिकोणही दाखवा. लाल सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. हिरवा असला तरी ते विषच. शंका राहिल्यास किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर फोन करा. पैसे पडत नाहीत. बापाला शेत कळते, मुलीला अक्षर. दोघांची जोडी जमली की काम नीट होते.

श्रद्धा : संत कार्लो अकुतिस १९९१ साली जन्मले आणि २००६ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने वारले. संगणकाची त्यांना मोठी आवड. त्याच संगणकावर त्यांनी पवित्र मिस्साबलीतील चमत्कारांची माहिती जगापुढे मांडली. खेळासाठी मात्र त्यांनी स्वतःला आठवड्याला एकच तास ठरवून घेतला होता. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्यांना संतपद दिले. आपल्यालाही हेच साधायचे आहे : आज आपण घातलेली मर्यादा उद्या मुलाने आपणहून पाळावी.

घरचे नियम : जेवताना मोबाईल नको. रात्री तो मुलांच्या अंथरुणात नको. जपमाळेच्या वेळी सर्वांचेच मोबाईल बाजूला, बापाचाही. जो नियम आपण पाळत नाही, तो मूलही पाळणार नाही.

कुटुंबात चर्चेसाठी :
१. आपले मूल मोबाईलवर काय पाहते, हे आपल्याला ठाऊक आहे का?
२. या आठवड्यात आपण त्याच्याशेजारी किती वेळ बसलो?
३. आपल्या स्वतःच्या कोणत्या सवयी आधी बदलाव्या लागतील?