नांव एक, यंत्रें निराळीं : यामाहा आर-१ ची तुलना

एखाद्या यंत्राचें नांव कायम राहिलें म्हणजे तें यंत्रही तेंच राहिलें, असा पुष्कळांचा समज असतो. तो कितपत खरा आहे हें पाहण्यासाठीं आम्हीं जपानांतील यामाहा कंपनीची ‘आर-१’ ही शर्यतीच्या घाटाची मोटारसायकल निवडली आहे. ती १९९८ सालीं बाजारांत आली. तिच्या इंजिनाचें घनफळ तेव्हां ९९८ घन सेंटीमीटर होतें. २००४, २००९ व २०१५ सालच्या आवृत्त्यांतही तें ९९८ च राहिलें. परंतु १९९८ चा दट्ट्या २०१५ च्या सिलिंडरांत बसवूं गेल्यास तो चांगला सैल पडेल. आंकडा तोच असतां आंतील वस्तु कशी बदलली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

घनफळ काढण्याची रीत आमच्या वाचकांस भूमितींतून ठाऊकच आहे: वर्तुळाचें क्षेत्रफळ गुणिलें उंची. येथें वर्तुळ म्हणजे सिलिंडरचें तोंड, आणि उंची म्हणजे दट्ट्या जितका वरखालीं सरकतो तें अंतर. त्यास आपण धाव म्हणूं. आर-१ ला सिलिंडर चार. १९९८ सालीं व्यास ७४ मिलिमीटर व धाव ५८. २००४ सालीं ७७ व ५३.६, २००९ सालीं ७८ व ५२.२, २०१५ सालीं ७९ व ५०.९. कोणतीही जोडी घेऊन गुणाकार करावा, उत्तर ९९८ च्या आसपासच येतें. व्यास वाढत गेला, धाव घटत गेली.

हें कां केलें? दट्ट्या प्रत्येक फेऱ्यांत दोनदां थांबतो व दोनदां पुन्हां धांवूं लागतो. १९९८ चें इंजिन मिनिटास १०,००० फेऱ्यांवर आपली कमाल, म्हणजे १५० अश्वशक्ति, देत असे. त्या वेळीं दट्ट्याचा सरासरी वेग सेकंदास सुमारें १९.३ मीटर होतो. २०१५ च्या इंजिनाची कमाल २०० अश्वशक्ति, ती १३,५०० फेऱ्यांवर. धाव जुनीच ठेवली असती तर हा वेग २६ मीटरांवर गेला असता. धाव आंखूड केल्यामुळें तो २३ च्या आंत राहिला. दट्ट्यास व त्याच्या दांड्यास बसणारा हिसका तर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो; म्हणूनच २०१५ सालीं दांडे पोलादाऐवजीं टायटॅनियमचे केले, कारण तो धातु पोलादाहून पुष्कळ हलका आहे. अर्थात् फुकट कांहीं मिळत नाहीं. रुंद सिलिंडरांत ज्वाळेस कडेपर्यंत जावयास अंतर अधिक पडतें, आणि असलें इंजिन मंद गतींत आपलें खरें बळ दाखवीत नाहीं.

पहिल्या आर-१ चा मोठा गुण तिच्या गियरपेटींत होता. पूर्वीच्या बहुतेक गाड्यांत क्रँकशाफ्ट व गियरांचे दोन दंड एकामागें एक असत. मुख्य अभियंते कुनिहिको मिवा यांनीं गियरांचा एक दंड दुसऱ्याच्या वर चढविला. त्यामुळें इंजिन लांबीस आंखूड झालें, आणि दोन चाकांमधील अंतर १,३९५ मिलिमीटर ठेवूनही मागचें चाक धरणारी भुजा लांब करतां आली. भुजा लांब असली कीं चाक खळग्यांत वरखालीं होतांना साखळीचा ताण कमी बदलतो व गाडी स्थिर राहते.

२००२ सालीं कार्बुरेटर जाऊन इंधनाची फवारणी आली. २००४ सालीं धुराड्याच्या नळ्या आसनाखालीं गेल्या. यांवर आम्ही अधिक थांबत नाहीं. २००७ चा बदल मात्र लक्षांत ठेवण्याजोगा आहे. तोंवर प्रत्येक सिलिंडरास पांच झडपा असत. १९८५ च्या एफझेड-७५० पासून यामाहाची ती खूणच झाली होती. ती सोडून कंपनीनें चार झडपा घेतल्या आणि हवा आंत नेणारी नळी लहानमोठी होणारी केली. बांसरींतील हवेचा स्तंभ लांब असतां स्वर खालचा व आंखूड असतां वरचा निघतो. इंजिनाच्या नळींतील हवेसही असेंच आंदोलन असतें. फेरे कमी असतां लांब नळी व फेरे वाढतां आंखूड नळी असेल तर हवा सिलिंडरांत अधिक भरते. (वाद्यांचें हें शास्त्र या घराण्यास परकें नाहीं. १८८७ सालीं तोराकुसु यामाहा यांनीं हमामात्सु येथील एका शाळेची बिघडलेली बाजाची पेटी दुरुस्त केली, तेथून हा उद्योग सुरू झाला. मोटारसायकलींची कंपनी १९५५ ची. तिच्या चिन्हांत अद्याप तीन नादकांटे आहेत.)

आतां २००९ चा बदल, जो आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा. नेहमींच्या चार सिलिंडरांच्या क्रँकमध्यें दोन दट्टे वर असतां दोन खालीं असतात. म्हणजे चारही एकाच क्षणीं थांबतात व चारही एकाच क्षणीं अतिवेगांत असतात. त्यांना वेग देतांना क्रँकची शक्ति खर्च होते, त्यांना थांबवितांना ती परत मिळते. ही ओढाताण प्रत्येक फेऱ्यांत दोनदां चालते. तिचा इंधनाच्या ज्वलनाशीं कांहीं संबंध नसतो, आणि फेरे वाढतात तशी ती बेसुमार वाढते. वळणावर गाडी कललेली असतां मागच्या चाकाची रस्त्यावरील पकड किती उरली आहे, हें स्वाराला थ्रॉटल धरलेल्या हातास व आसनास जें जाणवतें त्यावरूनच ठरवावें लागतें. त्या जाणिवेंत ही निरर्थक थरथर मिसळली तर अंदाज चुकतो. आणि तेथें अंदाज चुकणें म्हणजे स्वार रस्त्यावर.

२००९ च्या क्रँकमध्यें चार खुंट्या ९०-९० अंशांवर, अधिक चिन्हासारख्या, मांडल्या. दोन दट्टे थांबतात तेव्हां दुसरे दोन भरवेगांत असतात. एकाचें देणें दुसऱ्याच्या घेण्यांत फिटतें. ठिणग्या मात्र समान अंतरानें न पडतां २७०, १८०, ९० व १८० अंशांनीं पडूं लागल्या, म्हणून आवाजही निराळा झाला. या रचनेनें इंजिन दोन टोकांस डोलूं पाहतें. तें थोपविण्यासाठीं तोल साधणारा एक जास्तीचा दंड घालावा लागला. ही युक्ति मासाओ फुरुसावा यांच्या हाताखालीं यामाहाच्या शर्यतीच्या गाडींत आधींच आली होती. तिच्यावर व्हॅलेंतिनो रॉसी यांनीं २००४ सालचें विश्वविजेतेपद मिळविलें. २००९ सालीं बेन स्पीज यांनीं नव्या आर-१ वर सुपरबाइकचें विश्वविजेतेपद जिंकलें.

२०१५ च्या गाडींत गाडीचें कलणें, उठणें, वळणें हें सेकंदास १२५ वेळां मोजणारें साधन बसविलें, आणि त्याप्रमाणें चाकास मिळणारी शक्ति आवरली जाऊं लागली.

पालकांनीं येथें एक तुलना ध्यानीं घ्यावी. आपल्या रस्त्यांवर धांवणारी साधी शंभर घन सेंटीमीटरची गाडी सुमारें ८ अश्वशक्तीची असते. आर-१ त्याच्या पंचवीसपट. युरोपांत ही गाडी २०२५ पासून रस्त्यासाठीं विकली जात नाहीं, कारण धुराच्या नव्या नियमांत तिला बसविणें कंपनीनें नाकारलें. ती तेथें केवळ बंद धावपट्टीसाठीं राहिली आहे.

आमच्या मुलांच्या तोंडीं असलेली ‘आर-१५’ ही निराळी, एका सिलिंडरची लहान गाडी होय. ती भारतांत २००८ सालीं आली. व्यास ५७ मिलिमीटर, धाव ५८.७. २०१८ च्या आवृत्तींत धाव तीच ठेवून व्यास एक मिलिमीटरनें वाढविला. तेवढ्यानें घनफळ १४९.८ वरून १५५ घन सेंटीमीटर कसें झालें, हें वर दिलेल्या रीतीनें विद्यार्थ्यांनीं स्वतः काढून पाहावें.